घरफोडीचं सिम्युलेशन: हॉटस्पॉटऐवजी मीठ पेरल्यासारखे ठिपके का येताहेत?

चौकट_१२८

शहरातल्या घरफोड्या काही ठरावीक गल्ल्यांतच का साचतात (म्हणजे हॉटस्पॉट का बनतात) हे तपासायला यूसीएलएमधल्या मार्टिन शॉर्ट आणि सहकाऱ्यांचं २००८चं मॉडेल पायथनमध्ये लिहिलं आहे. १२८ × १२८ चा ग्रिड, प्रत्येक सेल म्हणजे एक घर, कडा समोरासमोर जोडलेल्या. प्रत्येक घराचं आकर्षण = कायमचं मूळ आकर्षण + घरफोडी झाल्यावर येणारी तात्पुरती वाढ. चोर दर पावलाला आहे त्या घरात घुसतो, किंवा शेजारच्या चार घरांपैकी जास्त आकर्षक घराकडे झुकत एक सेल सरकतो. घरफोडी केली की तो ग्रिडवरून जातो, आणि नवे चोर ठरावीक दराने उगवत राहतात.

आकडे पेपरमधलेच: मूळ आकर्षण १/३०, ओमेगा (वाढ ओसरण्याचा दर) १/१५, ईटा (वाढ शेजारी झिरपण्याचं प्रमाण) ०.०३, थीटा (एका घरफोडीमागे वाढ) ०.५६, गॅमा (दर सेलला दर दिवशी नवे चोर) ०.०१९. या आकड्यांना पेपरमध्ये जागा न सोडणारे ठळक हॉटस्पॉट दिसतात.

बदल एकच केला आहे. पेपरमध्ये एक पाऊल १/१०० दिवसाचं आहे. दोन वर्षांचा रन मेसामध्ये (एजंट-सिम्युलेशनची पायथन लायब्ररी) फार वेळ घेत होता, म्हणून पाऊल १ दिवसाचं केलं. आता नकाशावर डाग येतच नाहीत, एकेक-दोनदोन सेलचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतात.

तीन प्रश्न आहेत. हे कशामुळे होतंय? नीट झाल्यावर शिकागोच्या खऱ्या नोंदींशी ताडून कसं बघायचं? आणि पुण्यासाठी असं काही करता येईल का?

---

विसरण_समीकरण

कारण तुमच्या 'एकच बदला'तच आहे. पाऊल लांबवताना चोराच्या घुसण्याची शक्यता तुम्ही बरोबर बदलली असणार (१ वजा ई चा ऋण आकर्षण × पाऊल इतका घात), पण त्या मॉडेलमधल्या दोन गोष्टी दिवसाच्या हिशेबात नाहीत, पावलाच्या हिशेबात आहेत: चोराचं चालणं आणि ईटा.

आधी चालणं बघा. तुमच्या आकड्यांना स्थिर स्थितीतली सरासरी वाढ = थीटा × गॅमा ÷ ओमेगा = ०.१६, म्हणजे एकूण आकर्षण सुमारे ०.१९३. एक चोर घरफोडी करेपर्यंत सरासरी ५ दिवस फिरतो. मूळ मॉडेलमध्ये ५ दिवसांत ५०० च्या वर पावलं पडतात, आणि वेडंवाकडं चालून निव्वळ अंतर कापलं जातं त्याच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे २२-२३ सेल. तुमच्याकडे तो ५-६ पावलांत संपतो आणि जेमतेम दोन-अडीच सेल लांब जातो. चोर आपल्या जन्माच्या घराभोवतीच घुटमळतो, मग डाग तेवढाच होणार.

ईटाचंही तेच. झिरपणं दर पावलाला एकदा होतं. दिवसाला शंभर वेळा व्हायचं ते तुमच्याकडे एकदाच होतंय. दोन्ही पसरणं सारख्याच प्रमाणात घटल्यामुळे हॉटस्पॉट *होणार की नाही* याचं उत्तर बदललं नाही, फक्त त्यांचा आकार दहापट लहान झाला (लांबी पसरण्याच्या वर्गमुळाने बदलते). मूळ आकड्यांना सुरुवातीला उगवणाऱ्या डागांमधलं अंतर रेषीय विश्लेषणातून ३०-३५ सेल येतं, म्हणजे तुमच्या ग्रिडच्या एका बाजूला चारेक डाग. तुमच्या बदललेल्या पावलाला तेच अंतर ३-४ सेल होतं. ते ठिपके म्हणजे हॉटस्पॉटच आहेत, ग्रिडच्या जाळीएवढे आकसलेले.

हॉटस्पॉट होणार की नाही याची कसोटी कागदावरच करता येते, रन करायच्या आधी करावी:

३ × (सरासरी वाढ ÷ एकूण आकर्षण) > (१ + वर्गमूळ(ईटा × एकूण आकर्षण ÷ ओमेगा))²

तुमचं डावं अंग २.४८. ईटा ०.०३ असताना उजवं १.६८ येतं, म्हणजे सपाट स्थिती मोडते आणि डाग बनतात. ईटा ०.२ केला की उजवं ३.१० होतं आणि नकाशा सपाट राहतो. दोन्ही रन करून बघा. कोड या कसोटीला धरून वागला नाही तर चूक कोडमध्ये आहे, पॅरामीटरमध्ये नाही.

एक अपवाद माहीत असू द्या. ईटा ०.२ च ठेवून थीटा ५.६ आणि गॅमा ०.००२ केलं तर कसोटी 'सपाट' म्हणते, तरी पडद्यावर हॉटस्पॉट येतात, भटकतात, विरतात. कारण ग्रिडवर चोर १,६०० ऐवजी १६० च्या आसपास उरतात आणि प्रत्येक घरफोडीचा धक्का दहापट मोठा असतो. थोड्या एजंटांचा (इथे चोरांचा) गोंगाट समीकरणाला दिसत नाही. एजंट वापरून सिम्युलेशन करण्याचं मोठं कारण हेच आहे, नाहीतर सरळ समीकरणच सोडवता आलं असतं.

आता वेग. पाऊल लांबवायचंच असेल तर सेलही मोठा करा, म्हणजे सेलच्या लांबीचा वर्ग ÷ पाऊल हे गुणोत्तर कायम राहील. सेलची बाजू दुप्पट, पाऊल १/२५ दिवस, ग्रिड ६४ × ६४. मग एका सेलमध्ये आधीचे चार सेल मावतात, म्हणून गॅमा चौपट म्हणजे ०.०७६ आणि थीटा एक चतुर्थांश म्हणजे ०.१४. ईटा, ओमेगा, मूळ आकर्षण तसंच. चोरांची एकूण संख्या आणि डागांचा खरा आकार तोच राहील, काम मात्र चौथाई पावलांत होईल.

पण त्याआधी मेसामधून प्रत्येक घराला एजंट बनवणं सोडा. घरं हलत नाहीत, निर्णय घेत नाहीत. १६,३८४ घरांचा एक नंपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ॲरे आणि चोरांच्या जागांचे दोन ॲरे एवढं पुरतं. दोन वर्षं म्हणजे ७३,००० पावलं, आणि अशा कोडमध्ये एक पाऊल साध्या लॅपटॉपवर एक-दोन मिलिसेकंदात होतं.

---

जाळीतला_एजंट

वरच्या उत्तरात भर. नंपायवर आलात की एक चूक हमखास होते, आणि ती एरर देत नाही. एकाच पावलात एकाच सेलमध्ये दोन चोरांनी घरफोडी केली, तर 'वाढ[ओळी, स्तंभ] अधिक-बरोबर थीटा' असं लिहिल्यावर वाढ *एकदाच* जमा होते, कारण पुनरावृत्त इंडेक्सवर नंपाय शेवटचीच किंमत ठेवतं. हॉटस्पॉटमध्येच चोर एका सेलवर जमतात, म्हणजे ही चूक नेमका हॉटस्पॉटच खच्ची करते, बाकी नकाशा ठीक दिसतो. त्याजागी 'नंपाय.ॲड.ॲट' वापरा, किंवा आधी 'बिनकाउंट'ने सेलवार घरफोड्या मोजून मग गुणा.

दुसरं, झिरपणं मोजताना जुन्या ॲरेची प्रत ठेवा. त्याच ॲरेत सेलमागून सेल बदलत गेलात तर वरच्या-डावीकडच्या सेलचा नवा आकडा खालच्या-उजवीकडच्या हिशेबात शिरतो आणि डाग तिरके सरकू लागतात. नकाशावर सगळे डाग एकाच दिशेने कलंडलेले दिसले की पहिला संशय इथे घ्यायचा.

तिसरं, सुरुवात. तात्पुरती वाढ शून्यापासून सुरू करू नका, ०.१६ पासून करा. तरीही डाग मूळ धरायला वेळ लागतो: तुमच्या आकड्यांना डागाची उंची सुमारे २५ दिवसांत अडीच-पावणेतीनपट होते, म्हणजे गोंगाटातून वर यायला चार-पाच महिने जातात. पहिले १८० दिवस मोजणीतून वगळा.

आणि एक हिशेब जो दर रनच्या शेवटी छापायचाच: दिवसाला एकूण घरफोड्या. या मॉडेलमध्ये चोर घरफोडी केल्याशिवाय ग्रिड सोडत नाही, त्यामुळे स्थिर स्थितीत दिवसाच्या घरफोड्या = गॅमा × सेल = ०.०१९ × १६,३८४ = ३११. ईटा-थीटा काहीही ठेवा, सरासरी ३११ च यायला हवी. ३०० किंवा ३२० वर स्थिरावली तर कुठेतरी चोर गळताहेत किंवा दुप्पट मोजले जाताहेत.

याच हिशेबाचा दुसरा अर्थ फार महत्त्वाचा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष झालेलं सारखं दिसतं. एकूण घरफोड्या जर गॅमानेच बांधलेल्या असतील, तर या मॉडेलमध्ये गस्त घातली काय, दिवे लावले काय, एकूण आकडा कमी होऊच शकत नाही. गुन्हे फक्त जागा बदलतील. कोणी या मॉडेलवर गस्त चालवून 'बघा, गुन्हेगारी नुसती सरकते' म्हणाला, तर ते उत्तर त्याने प्रश्नातच घालून ठेवलेलं असतं. गस्तीचा परिणाम अभ्यासायचा असेल तर चोराला रिकाम्या हाताने घरी जायची वाट द्या: दर पावलाला एक छोटी शक्यता, आणि पोलिस असलेल्या सेलमध्ये ती वाढलेली.

शॉर्ट यांच्याच गटाच्या २०१०च्या पेपरमध्ये हॉटस्पॉटचे दोन प्रकार मांडले आहेत. सपाट स्थिती आपोआप मोडून बनलेला हॉटस्पॉट दाबला तर शेजारी उगवतो. मोठा धक्का बसल्यावरच बनणारा हॉटस्पॉट दाबला तर विरून जातो. तुमचा ०.०३ वाला संच पहिल्या प्रकारात पडतो. याच्या शेजारी गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड आणि सहकाऱ्यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला जर्सी सिटीतला प्रत्यक्ष अभ्यास ठेवून वाचा: तिथे पोलिसी कारवाई वाढवलेल्या जागांच्या आसपास गुन्हे सरकून आले नाहीत, उलट शेजारच्या भागांनाही फायदा मिळाला.

---

पुराव्यानिशी

शिकागोच्या डेटाबद्दल.

शहराच्या डेटा पोर्टलवर २००१ पासूनच्या नोंदी आहेत, शेवटचे सात दिवस सोडून. 'बर्गलरी' हा प्रकार गाळून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ०६१० हा कोड जोर लावून आत शिरल्याचा, ०६२० उघड्या दारा-खिडकीतून शिरल्याचा, ०६३० नुसत्या प्रयत्नाचा. शिवाय 'जागेचं वर्णन' या रकान्यात निवासस्थान, अपार्टमेंट, गॅरेज, दुकान असं सगळं मिसळलेलं असतं. मॉडेल घरांचं असेल तर दुकानं काढा आणि गॅरेज वेगळी ठेवा. शिकागोत घरांमागच्या बोळात सुट्या गॅरेजची रांग असते, तिथल्या चोरीची वेळ आणि वाट दोन्ही वेगळी.

फूट आणि मीटर. एक्स आणि वाय निर्देशांकांचे रकाने इलिनॉय पूर्व स्टेट प्लेन पद्धतीचे, *फुटांत* आहेत. ते मीटर समजून ४०० मीटरपर्यंतची चाचणी (पुढे सांगतो) लावली की प्रत्यक्षात १२२ मीटरची लागते. निकाल तरीही 'येतो', म्हणून चूक लक्षात येत नाही.

जागेची अचूकता. गोपनीयतेसाठी प्रत्येक बिंदू मूळ पत्त्यावरून हलवलेला असतो, ब्लॉक मात्र तोच राहतो. शिकागोत एका मैलात आठ ब्लॉक, म्हणजे लांब बाजू साधारण २०० मीटर. त्याहून बारीक सेल घेतला तर तुम्ही हलवलेल्या बिंदूंचा अभ्यास करताय. 'तेच घर पुन्हा फोडलं' आणि 'शेजारचं फोडलं' हा फरक या डेटात विश्वासाने करता येत नाही, आणि तुमच्या मॉडेलचा गाभा नेमका तोच फरक आहे. म्हणून ० ते २०० मीटर हा एकच पट्टा धरा, त्याचे तुकडे पाडू नका.

वेळ. घरमालक संध्याकाळी परततो, तेव्हा घरफोडी कळते. खरी वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मध्ये कुठलीही असू शकते. पोर्टलवर एकच तारीख-वेळ आहे, 'पासून-पर्यंत' अशी दोन टोकं नाहीत. तासांचा आलेख काढून बघा, मध्यरात्री १२ आणि दुपारी १२ ला सुळके दिसले तर ते चोरांचे नव्हेत, फॉर्म भरणाऱ्याचे. तासांवर मॉडेल बसवू नका, दिवस किंवा आठवडा धरा.

ब्रिटनचा पोलिस डेटा घ्यायचा मोह होईल, लीड्सवर निक मॅलेसन यांचं घरफोडीचं एजंट मॉडेल असल्यामुळे तर जास्तच. पण तिथल्या सार्वजनिक नोंदींत तारीख नसते, फक्त महिना. आणि प्रत्येक गुन्हा जवळच्या ठरवून दिलेल्या बिंदूवर चिकटवलेला असतो. हे बिंदू असे निवडलेत की एकाभोवती किमान आठ पत्ते असावेत, किंवा एकही नसावा. 'आठवड्याभरात शेजारी' ही चाचणी त्यावर होणारच नाही.

आता ताळा. दोन नकाशे शेजारी ठेवून 'सारखे दिसतात' म्हणणं सोडा. सपाट ग्रिडवरच्या मॉडेलमध्ये डाग *कुठे* येईल हे नशिबावर असतं, ते जुळण्याची अपेक्षाच चुकीची. जुळायला हवा तो गुणधर्म. घरफोडीत सर्वांत चांगला अभ्यासलेला गुणधर्म म्हणजे एका घरफोडीनंतर आसपास काही काळ वाढलेला धोका. लंडनमधल्या जॉन्सन आणि बॉवर्स या संशोधकांच्या कामातून ४०० मीटर आणि दोन महिने हा पल्ला रूढ झाला.

तो मोजायला नॉक्स चाचणी. घटनांच्या सगळ्या जोड्या घ्या, अंतराचे पट्टे (०-२००, २००-४००, असे पुढे) आणि दिवसांचे पट्टे (०-७, ८-१४) करा, प्रत्येक चौकटीत किती जोड्या पडल्या ते मोजा. मग जागा तशाच ठेवून तारखा ९९९ वेळा पिसा आणि दर वेळी पुन्हा मोजा. खरा आकडा ÷ पिसलेल्यांची सरासरी = त्या चौकटीचं गुणोत्तर. १०,००० घटनांच्या जोड्या जवळपास ५ कोटी होतात, त्या मेमरीत धरू नका. के-डी ट्री (जवळचे बिंदू झटपट शोधणारी रचना) वापरून फक्त १,००० मीटरच्या आतल्या जोड्या एकदाच काढा आणि पुढे तारखाच बदला. एका वेळी एकच वर्ष घ्या, नाहीतर वर्षागणिक घटवाढच 'जवळीक' म्हणून मोजली जाते.

हीच चाचणी मॉडेलच्या घटनांवर तशीच चालवा, पण आधी त्या घटना खऱ्या डेटाएवढ्या धूसर करा: ब्लॉकमध्ये यादृच्छिक हलवा आणि दिवसावर गोल करा. स्वच्छ मॉडेलची मळलेल्या डेटाशी तुलना केली की मॉडेल नेहमी 'जास्त ठळक' दिसतं, आणि मग ते फिकं करायला लोक ईटा वाढवत बसतात.

---

चौकट_१२८

पाऊल १/१०० केलं, ॲड.ॲट लावलं. डाग आले, ग्रिडच्या एका बाजूला चार. रोजची सरासरी ३११ च्या आत-बाहेर अर्ध्या टक्क्यात. कसोटीप्रमाणे ईटा ०.२ ला नकाशा सपाट.

पुढची अडचण. चौकोनी ग्रिड सोडून ओएसएमएनएक्सने (ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते उतरवणारी पायथन लायब्ररी) शिकागोच्या एका भागाचं रस्त्यांचं जाळं घेतलं. एक पाऊल = एक चौक ते पुढचा चौक. आता हॉटस्पॉट मोठ्या चौकांवरच येतात आणि खऱ्या नकाशाशी बऱ्यापैकी जुळतातही. याचा अर्थ मॉडेल बरोबर आहे असा घ्यायचा का?

---

विसरण_समीकरण

नाही. थीटा शून्य करून तोच रन पुन्हा करा. माझा अंदाज आहे की चौकांवरचे डाग तरीही दिसतील.

जाळ्यावर दिशाहीन चालणारा एजंट एखाद्या चौकात किती वेळा सापडतो, हे त्या चौकाला किती रस्ते मिळतात यावर ठरतं. पाच रस्त्यांच्या चौकात तो तीन रस्त्यांच्या चौकापेक्षा ५/३ पट दिसतो, घरफोडी-वाढ-झिरपणं यातलं काहीही नसताना. चौकोनी ग्रिडवर सगळ्यांना चारच शेजारी, म्हणून हे लपून राहिलं होतं. त्यात 'एक पाऊल = एक चौक' म्हटल्यावर लांब ब्लॉक असलेल्या भागात चोर झपाट्याने पळतो आणि दाट जाळ्यात रांगतो. पाऊल अंतरावर बांधा: रस्त्याचे साधारण ५० मीटरचे तुकडे पाडा, चोर तुकड्यावर राहील, आणि गुन्हा तुकड्याच्या लांबीमागे मोजा.

थीटा शून्य करताना एक फसगत टाळा. मूळ आकर्षण १/३० च ठेवलंत तर चोर ५ ऐवजी ३० दिवस फिरतो. तुमच्या जुन्या ग्रिडवर चोरांची संख्या १,६०० वरून ९,३०० वर गेली असती. मग दोन रनमध्ये यंत्रणाच नव्हे, गर्दीही बदलते आणि तुलना निकामी होते. मूळ आकर्षण ०.१९३ करा, म्हणजे चोराचं सरासरी आयुष्य तेच राहील आणि फरक उरला तर तो फक्त 'झालेल्या घरफोडीने पुढची ओढून आणली' याचाच.

हे मी जोर देऊन सांगतोय, कारण गुन्ह्यांच्या सिम्युलेशनमध्ये सर्वांत जास्त वाया जाणारी मेहनत इथे जाते. एखादं घर पुन्हा फोडलं जातं याची दोन स्पष्टीकरणं आहेत. एक, ते घर मुळातच सोपं आहे (मागे बोळ, कुंपण नाही, दिवसभर कोणी नाही). दोन, पहिल्या घरफोडीनेच चोराला त्याची माहिती झाली. तुमचं मॉडेल फक्त दुसरं धरतं. पण नकाशावर दोन्हींचे डाग सारखेच दिसतात. म्हणून तिसरा रनही हवा: थीटा शून्य, मूळ आकर्षण मात्र घरागणिक वेगळं, आदल्या तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून बसवलेलं. तिन्हींवर नॉक्स चाचणी चालवा. तारखा पिसण्याने 'घर मुळात सोपं' याचा परिणाम बराचसा कापला जातो. थीटा असलेल्या रनचं गुणोत्तर पहिल्या दोन आठवड्यांत १ च्या बरंच वर आणि या तिसऱ्या रनचं १ च्या आसपास आलं, आणि खरा डेटा पहिल्यासारखा वागला, तर काहीतरी हाती लागलं म्हणता येईल.

---

पुराव्यानिशी

जुळणीच्या आकड्याबद्दल सावध करतो. '५० टक्के गुन्हे ५ टक्के रस्त्यांवर' हा वाइसबर्ड यांच्या कामामुळे प्रसिद्ध झालेला निकष बरेच जण मॉडेलला लावतात. तुमच्या भागात २५,००० रस्त्यांचे तुकडे आणि वर्षाला १,००० घरफोड्या असतील, तर त्या सगळ्या वेगवेगळ्या तुकड्यांवर पडल्या तरी १०० टक्के गुन्हे ४ टक्के तुकड्यांवर येतात! म्हणजे पूर्ण विखुरलेला डेटाही निकष ओलांडतो. बर्नास्को आणि स्टीनबीक यांनी २०१७ मध्ये यासाठी जिनी गुणांकाची (विषमतेचं एक माप) दुरुस्त आवृत्ती दिली, ती वापरा.

आणि प्रत्येक आकडा किमान १०० रनचा द्या, सरासरी आणि पसारा दोन्ही. दोन धोरणांची तुलना असेल तर चोर उगवणं, चालणं आणि घुसण्याचा निर्णय यांना तीन वेगळे रँडम प्रवाह (यादृच्छिक आकड्यांच्या मालिका) द्या. एकच सीड (मालिकेचा सुरुवातीचा आकडा) सगळ्यांना दिला तर पहिल्या वेगळ्या घटनेनंतर दोन्ही रन एकमेकांपासून सुटतात आणि सीड सारखा ठेवल्याचा फायदा उरत नाही.

---

नोंदवही

पुण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वार्षिक अहवाल राज्य, जिल्हा आणि महानगर पातळीवर थांबतो. त्यावर गल्लीचं मॉडेल बसत नाही. दुसरा रस्ता म्हणजे प्रकाशित एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळून बाकीचे एफआयआर संकेतस्थळावर चढवले जातात, महाराष्ट्र पोलिसांच्याही. पण ते एकेक पीडीएफ, आणि जागा हा मजकूर असतो. फॉर्ममध्ये पोलिस ठाण्यापासूनची दिशा व अंतर, बीट क्रमांक आणि पत्ता अशा जागा आहेत. 'पूर्व, २ किमी' आणि पुढे 'अमुक मंदिराच्या मागे, तमुक सोसायटीजवळ' असा पत्ता असला तर बिंदू कित्येक शे मीटर इकडे-तिकडे होतो. अशा बिंदूंवर २०० मीटरची नॉक्स चाचणी लावणं व्यर्थ आहे. बीट (ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा भाग) हाच एकक धरा.

कलमं जोडताना १ जुलै २०२४ हा सांधा लक्षात ठेवा. त्याआधी घरफोडी भारतीय दंड संहितेच्या ४५४, ४५७ आणि ३८० मध्ये सापडते, त्यानंतर भारतीय न्याय संहितेच्या ३३१ आणि ३०५ मध्ये. जुनेच क्रमांक शोधलेत तर जुलैपासून घरफोड्या संपल्यासारखा आलेख येईल. एक गोष्ट मात्र आपल्याकडे बरी आहे: रात्रीच्या घरफोडीला कायद्यातच वेगळं कलम किंवा उपकलम असल्यामुळे दिवसा-रात्रीचा भेद तरी मिळतो, तासांचा नाही मिळाला तरी.

फिर्यादीचं नाव, पत्ता, मोबाइल एफआयआरमध्ये उघड असतात. मजकूर काढतानाच ते रकाने टाकून द्या, 'नंतर पुसू' म्हणून साठवू नका.

आणि सर्वांत मोठी अडचण: नोंद न झालेला गुन्हा. मॉडेलमधली घरफोडी आणि ठाण्यातली नोंद यांच्यात तक्रार करायला जाणारा माणूस आणि ती लिहून घेणारा अंमलदार उभा असतो. ही गाळणी भागागणिक वेगळी असते, म्हणून ती मॉडेलचाच भाग करा: प्रत्येक घटनेला 'नोंद होण्याची शक्यता' द्या, ती भागागणिक ०.३ ते ०.९ बदलून बघा, आणि हॉटस्पॉट कुठून कुठे उडी मारतो ते तपासा.

ही गाळणी गस्तीला जोडली की काय होतं ते लम आणि आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या अमली पदार्थांच्या नोंदींवर सिम्युलेशन करून दाखवलं. जिथे पोलिस आधीच जास्त होते तिथे नोंदी जास्त, म्हणून अल्गोरिदमने पुन्हा तिथेच पाठवलं, म्हणून आणखी नोंदी. सर्वेक्षणांवरून काढलेला वापराचा अंदाज मात्र शहरभर बराच समान पसरलेला होता. ५०० फुटांच्या चौकटी आखून देणारं प्रेडपोल हे गुन्ह्यांचं भाकीत करणारं सॉफ्टवेअर लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये थांबवलं, आणि सांताक्रूझने त्याच वर्षी अशा पद्धतींवर बंदीच घातली. यूसीएलएच्या याच गटातल्या लोकांच्या गणितातून प्रेडपोल उभं राहिलं होतं. म्हणून पुण्याचं काही केलंत तर ते 'ही यंत्रणा असा नकाशा घडवू शकते का' एवढ्याच प्रश्नासाठी ठेवा, उद्या कुठल्या वस्तीत गाडी पाठवायची यासाठी नाही. आपल्या नोंदी ते ओझं पेलण्याइतक्या भरवशाच्या नाहीत, आणि चुकीची किंमत त्या वस्तीतली माणसं मोजतील.

---

चौकट_१२८

थीटा शून्य, मूळ आकर्षण ०.१९३, ५० मीटरचे तुकडे. चौकांवरचे डाग गेले, एक पट्टा सोडून. तो निवडलेल्या भागाच्या पूर्व कडेला, तलावाच्या बाजूने उभा आहे.

---

जाळीतला_एजंट

ती कड आहे. जुन्या ग्रिडवर कडा जोडलेल्या होत्या, आता नाहीत. तलावाकडचे रस्ते पुढे बंद, तिथे पोचलेला चोर परततो आणि त्याच तुकड्यांवर पुन्हा पुन्हा पडतो. तिथे खरोखर पाणी आहे, त्यामुळे परतणं बरोबरच आहे, पण बंद टोकावर पोचल्या पावलाला तो तिथेच थांबतोय की लगेच वळतोय ते कोडमध्ये बघा. थांबत असेल तर त्या तुकड्याला प्रत्येक भेटीत एक जास्तीचं पाऊल मिळतं.

उरलेल्या तीन कडांना उलट धोका आहे. तिथे शहर पुढे चालू आहे, तुम्ही ते कापलंय. जाळं चारही बाजूंना किमान दीड-दोन किलोमीटर जास्त उतरवा (पूर्वेला असेल तेवढं), चोर त्या पूर्ण जाळ्यावर फिरू द्या आणि मोजणी फक्त आतल्या भागाची करा. मूळ मॉडेलचा चोर आयुष्यात २२-२३ सेल फिरतो. तुमचा तुकडा ५० मीटरचा, म्हणजे १.१ ते १.१५ किलोमीटर. पट्टी त्याहून अरुंद ठेवलीत तर कडेचा परिणाम आत झिरपेल.